सत्तावीस नंबर

बाबा,

तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि आजही फार वाटतं आहे असं नाही. गेल्या महिन्यात मी नोकरीतून मोकळी झाले. आई मागच्या वर्षी गेली, त्यामुळे घरात आता मला कोणी काही विचारत नाही. सकाळी उठते, चहा करते, पेपर वाचते, मग काय करायचं ते कळत नाही. परवा तिगावला काकांकडे जाऊन आले. तिथून आल्यापासून वाटून राहिलं आहे की एकदा सगळं ओळीनं लिहून ठेवावं. तुमच्या नावानं लिहिलं तर खोटं लिहिता येणार नाही, म्हणून तुमच्या नावानं लिहिते आहे.

पांढुर्ण्याचं तुमचं दुकान मला अजून दिसतं. जळालेल्या मोटरी दारात ओळीनं मांडलेल्या, आत तुम्ही लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत बसलेले, आणि वार्निशचा तो वास, जो आईला कधी आवडला नाही. शाळेतून आले की मी तुमच्यासमोर बसून वेढे मोजायची. तुम्ही मोजायचा नाहीत. तुम्ही बोलत असायचात, गिऱ्हाईकाशी, चहावाल्याशी, आणि तरी बरोबर वेढ्यावर हात थांबायचा. मी म्हणायची, "बाबा, झाले." तुम्ही म्हणायचात, "मले मालूम हाय." पुढे बोरगावच्या कारखान्यात विजेच्या कामावर तुम्हाला घेतलं, तेव्हा आपण सौंसरला खोली केली आणि दुकान बंद झालं. मी छिंदवाड्याला राहून विजेचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी. परत आले तेव्हा कारखान्याच्या साहेबांना तुम्हीच जाऊन सांगितलं, की माझी पोरगी इंग्रजी पुस्तक वाचते. ते पूर्ण खरं नव्हतं. मी डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचायची.

कामाचा पहिला दिवस होता त्याच्या आदल्या रविवारी तुम्ही मला बाजारात मोच्याकडे घेऊन गेलात. बायकांच्या मापाचे रबरी तळाचे बूट तेव्हा कुठं मिळत नव्हते. तुम्ही स्वतःचे जुने बूट घेऊन आला होतात. मोच्याला म्हणालात, "याचा तळ काढ अन् पोरीच्या पायाले बसन असे नवे बनव. खिळा मारू नको. शिव." मोची म्हणाला, खिळ्यानं पक्कं होईल. तुम्ही म्हणालात, "खिळ्यातून करंट येते, बा." तो हसला. तुम्ही हसला नाहीत, तो शिवून देईपर्यंत तिथंच उभे राहिलात. साडीखाली ते काळे बूट घालून मी दुसऱ्या दिवशी तुमच्यामागे कारखान्याच्या फाटकातून आत गेले. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. फाटकावरच्या माणसाला मात्र सांगितलंत, "हे आजपासून येते."

दवाखान्यात लागणारा कापूस बनवायचा तो कारखाना. कापूस धुवून, पांढरा करून ओला बाहेर यायचा आणि सुकवायच्या भट्टीत जायचा. लांब, खोलीएवढी भट्टी, तिच्यातून सरकणारा जाळीचा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रोलर. हवेत दमटपणा असला की कापूस ओला राहायचा, मग पट्टा हळू चालवावा लागायचा. उन्हाळ्यात जोरात. वेग बदलायचा म्हणजे तुम्ही पुली बदलायचात. पट्टा बंद, घामाघूम दोन तास, मग पुन्हा चालू. त्यावर उपाय म्हणून साहेबांनी तो जपानी ड्राइव्ह मागवला. सौंसरला दोन-चार घरांत रंगीत टीव्ही आला होता, त्या सुमाराची गोष्ट. राखाडी रंगाचं लोखंडी खोकं, पुढे लाल आकड्यांची काच आणि सहा बटनं. मोटरीला जाणारी वीज तो कमी-जास्त वारंवारतेची करायचा, म्हणून एक गोल खुंटी फिरवली की मोटरीचा वेग बदलायचा. पुलीची गरजच राहिली नाही. तुम्ही त्याच्याभोवती दोन दिवस फिरलात आणि त्याला डब्बा म्हणायला लागलात. मग सगळेच डब्बा म्हणायला लागले.

कंपनीचा इंजिनिअर नागपूरहून आला, तारा जोडल्या, पट्टा चालवून दाखवला, जेवला आणि गेला. तिसऱ्या दिवशी तुम्ही मोटरीला उलट्या हातानं स्पर्श करून बघितलंत. मोटर नेहमी उलट्या हातानं बघायची, हे तुम्हीच शिकवलं होतं, म्हणजे झटका बसलाच तर हात आपोआप मागे येतो. तुम्ही मला बोलावलंत. "हे मोटर आजारी हाय. जोर नाही लागून राहिला तिले, अन् तापून राहिली. पाह्य तुह्या पुस्तकात काय लिवलं हाय." मी दोन दिवस ते पुस्तक वाचलं. ड्राइव्हमध्ये सत्तरएक आकडे होते, प्रत्येकाला नंबर, आणि प्रत्येक आकडा मोटरीची एकेक गोष्ट ठरवायचा. तिसऱ्या नंबरवर, म्हणजे विजेच्या वारंवारतेवर, साठ लिहिलेलं निघालं. आपल्या मोटरीवरच्या माहितीच्या पत्र्यावर पन्नास. जपानहून आला तसाच तो साठवर राहिला होता, इंजिनिअरनं बदललाच नव्हता. त्यामुळे मोटरीला हवं तेवढं व्होल्टेज मिळत नव्हतं. मी साठचे पन्नास केले. मोटरीचा अँपिअर तिच्या पत्र्यावरून बघून घातला. तासाभरानं तुम्ही पुन्हा उलटा हात लावलात आणि माझ्याकडे बघितलंत. तसं तुम्ही माझ्याकडे त्याआधी बघितलं नव्हतं. मला एवढं आठवतं, पण त्यानं आत काही हलत नाही आता.

आणि ते रागावणंही त्याच आठवड्यातलं. मी मेन स्विच खाली केला आणि लगेच डब्ब्याचं झाकण काढून तारेला हात घालायला गेले. तुम्ही माझ्या मनगटावर एवढ्या जोरात मारलंत की हातातला स्क्रू ड्रायव्हर पार भिंतीपाशी जाऊन पडला. पाच-सहा माणसं बघत होती. "आतला लाल दिवा दिसून राहिला का?" तुम्ही ओरडलात. "आंधळी हायस का व? तो विझल्याबिगर हात घालाचा नाही." पुस्तकात तेच लिहिलं होतं, की स्विच बंद केल्यावरही आत काही मिनिटं वीज साठून असते आणि दिवा विझेपर्यंत थांबायचं. मी वाचलं होतं आणि विसरले होते. तुम्हाला ते इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हतं. तुम्ही फक्त इंजिनिअर का थांबला होता ते बघून ठेवलं होतं. त्या दिवशी डबा खाताना मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही तुमच्या डब्यातलं लोणचं माझ्या झाकणावर ठेवलंत आणि उठून गेलात.

काका त्या पट्ट्यावर ऑपरेटर होते. तुमचे पांढुर्ण्याचे मित्र, तिगावचे राहणारे, तुमच्याच शब्दावर कामाला लागलेले. आठवडाभर बोरगावला खोलीत राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. पट्टा पूर्वी सुरू व्हायचा तेव्हा खाट्‌ असा आवाज यायचा, सगळी जाळी हिसका खायची, आणि ओल्या कापसाचे गोळे खाली पडायचे. मी चौथ्या नंबरचा आकडा वाढवत नेला. तो मोटर शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत किती सेकंदांत जावी ते ठरवायचा. चार केले, आठ केले, शेवटी बारा. बारावर पट्टा असा सुरू व्हायचा की आवाजच नाही. तुम्ही काकांचा चहाचा कप त्यांच्या हातून घेतलात, भरलेला, आणि पट्ट्यावर ठेवलात. "दाब बटन," म्हणालात. काकांनी हिरवं बटन दाबलं. कप हळूच निघाला आणि भट्टीच्या तोंडापर्यंत गेला, एक थेंब सांडला नाही. तुम्ही कप उचलून काकांना परत दिलात आणि म्हणालात, "माह्या पोरीनं बसवलं." नंतर आठवडाभर जो येईल त्याला तुम्ही तो कप दाखवत होतात. साहेबांनाही दाखवलात.

साहेबांची अडचण वेगळी होती. तेव्हा आपल्याकडे लाईट दिवसातून पाच-सहा वेळा जायची. लाईट गेली की पट्टा थांबायचा, पण भट्टी तापलेलीच राहायची, आणि आतला कापूस पिवळा पडायचा. लाईट आल्यावर कोणीतरी येऊन हिरवं बटन दाबेपर्यंत आणखी वेळ जायचा, कारण लाईट नसली की माणसं हवेला बाहेर जाऊन बसायची. साहेबांनी मला विचारलं, लाईट आल्याबरोबर हा डब्बा स्वतःच सुरू होऊ शकतो का. मी पुस्तकात बघितलं. सत्तावीस नंबर. तिथं शून्य असेल तर लाईट आल्यावर मोटर थांबलेलीच राहते. एक केला, तर लाईट जाण्याआधी चालू असलेली मोटर लाईट आल्यावर आपोआप पुन्हा चालू होते. त्याच्याखाली काळ्या चौकटीत चार ओळी होत्या. त्यातला एक शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला. अर्थ असा होता, की मशीन अचानक चालू होईल, माणसांना आधी सांगा, मशीनवर पाटी लावा. मी साहेबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तो लगा देना बोर्ड." मी म्हटलं, आधी पाटी लावते, मग करते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बेटा, अभी कर दो, मेरे सामने. बोर्ड दोपहर में लगा देना."

सकाळचे दहा वाजले असतील. तुम्ही तेव्हा विहिरीवरच्या पंपाच्या कामाला गेला होतात. काका पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कापूस पसरवत होते. मी सत्तावीस नंबर काढला आणि शून्याचा एक केला. साहेब गेले. मी पुठ्ठा शोधला, लाल रंगाचा डबा उघडला, पण स्टोअरमधला ब्रश वाळून लाकूड झाला होता, म्हणून तो रॉकेलमध्ये भिजत घातला. काकांना तोंडी सांगता आलं असतं. वीस पावलं होती. मी सांगितलं नाही, कारण पाटी लावल्यावर सगळ्यांना एकदमच सांगू असं मनात होतं. एवढंच कारण होतं. मी ते पुष्कळदा तपासून बघितलं आहे, दुसरं काही सापडत नाही.

अकराच्या आसपास लाईट गेली. काका पाणी प्यायला बाहेर गेले. तुम्ही विहिरीकडून आलात, कारण लाईट गेल्यावर तुमचाही पंप थांबला होता. येताना तुम्हाला रोलरला गुंडाळलेला कापूस दिसला असणार. तो तसाच राहिला तर पट्टा एका बाजूला सरकतो. तुम्ही जाळीचं झाकण उचललंत आणि उजव्या हातानं कापूस ओढून काढायला लागलात. मी पलीकडच्या टेबलावर पुठ्ठा आखत होते. मला तुम्ही दिसत नव्हतात, मधे भट्टी होती. लाईट आली तेव्हा छताखालचा पंखा फिरायला लागला, आणि तुम्हालाही तो फिरताना दिसला असेल. तुम्ही हात काढला नाही. काढायचं कारणच नव्हतं. तीस वर्षं तुम्ही ज्या मोटरीवर काम केलं ती लाईट गेली की स्टार्टर सोडून द्यायची आणि कोणी बटन दाबल्याशिवाय उठायची नाही. पट्टा पूर्वीसारखा खाट्‌ करून उठला असता तर कदाचित तुमचा हात दचकून मागे आला असता. तो बारा सेकंदांवर होता. आवाज न करता सुरू झाला.

तुम्ही ओरडला नाहीत. "अरे, अरे" असं म्हणालात, कोणी दूध सांडल्यावर म्हणतं तसं. काका दारातून धावत आले आणि त्यांनी लाल बटन दाबलं. दोघा-तिघांनी रोलर हातानं उलटा फिरवून तुमचा हात बाहेर काढला. हाताला कापूसच कापूस चिकटला होता, आणि तो कसा झाला होता ते मी लिहीत नाही. तुम्हाला उचलून ते जीपकडे निघाले. आणि मी, बाबा, ड्राइव्हपाशी गेले. त्या वेळी मनाशी म्हटलं असेन की तो पुन्हा सुरू होऊ नये म्हणून. पण लाल बटन दाबलेलं होतं, आणि तेवढंच भय असतं तर मेन स्विच हाताशी होता. मी सत्तावीस नंबर काढला आणि एकाचा शून्य केला. चार वेळा बटन दाबावं लागतं. बाहेर कोणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं, कारण जीप माझ्यासाठी थांबली होती. तुम्ही आत होतात, हात टॉवेलात गुंडाळलेला. ती चार बटनं दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तुम्ही जीपमध्ये माझी वाट बघितलीत.

सौंसरच्या दवाखान्यातून तुम्हाला नागपूरला नेलं. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. नवव्या दिवशी तुम्ही घरी आलात. त्या दुपारी आई पाणी आणायला गेली होती आणि मी स्वयंपाकघरात तुमच्यासाठी दुधात भाकर कुस्करत होते. तुम्ही पाटावर बसला होतात, उजवा हात मांडीवर, पांढऱ्या गाठोड्यासारखा. डाव्या हातानं चमचा धरायचा प्रयत्न करत होतात. मग थांबलात.

"एक सांग मले," तुम्ही म्हणालात. "तो डब्बा लाईट आल्यावर आपोआप चालू होते का?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

"पक्कं?"

"पक्कं. बटन दाबावं लागतं."

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "मंग त्यानंच दाबलं," काकांबद्दल म्हणालात. "त्याले काय मालूम मी आत हात घालून हावो म्हणून. सवयीनं दाबलं असन." मी भाकर कुस्करत राहिले. तुम्ही म्हणालात, "बस, बारीक झाली आता," आणि मी ताट तुमच्यापुढे सरकवलं.

चौकशीच्या दिवशी नागपूरचा तोच इंजिनिअर आला. त्यानं सगळे नंबर एकेक करून काढले आणि साहेबांनी ते कागदावर उतरवले. सव्वीस. सत्तावीस, शून्य. साहेबांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घालून शून्य लिहिलं. ड्राइव्हमध्ये दोष नाही, बटन कोणीतरी दाबलं, असा निकाल निघाला. बटनापाशी जाणारा माणूस एकच होता. काकांनी शपथ घेतली की त्यांनी हिरव्या बटनाला हात लावला नाही. साहेबांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, आणि सगळ्यांना कळलं की त्यांची नोकरी गेली. तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठलात. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून म्हणालात, "त्यानं नाही दाबलं, साहेब. मीच दाबलं. पट्टा जरा सरकवून पाहून राहिलो होतो, डाव्या हातानं. माही चूक हाय." तुम्ही कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि मी तिथंच भिंतीला टेकून उभी होते. सगळे बाहेर गेल्यावर साहेब माझ्याजवळून जाताना हळू आवाजात म्हणाले, "अच्छा किया." ते कशाबद्दल होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

काकांची नोकरी राहिली, आणि तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं. तिथं तुम्ही डाव्या हातानं लिहायला शिकलात. तुमचं अक्षर आधीपेक्षा चांगलं झालं, असं आई म्हणायची. मोटर तुम्ही पुन्हा उघडली नाही. मी आणखी दोन वर्षं तिथं काढली, मग दुसरीकडे लागले, आणि आयुष्यभर हेच काम केलं. किती ड्राइव्ह बसवले त्याचा हिशेब नाही. आता ते वहीएवढे लहान असतात आणि पडद्यावर शब्दांत लिहून येतं काय करायचं ते. तो आकडा प्रत्येकात असतो, नंबर वेगळा असतो. मी तो शून्य ठेवायची. कोणी कारण विचारलं तर सांगायची की नियम आहे. लोकांना वाटतं अशा गोष्टीनं माणसाची झोप उडते. मी झोपायची, जेवायची, कामाला जायची. तुमच्या हाताकडे बघून बघून तो हात पहिल्यापासून तसाच होता असं वाटायला लागलं.

तुम्ही मात्र दर वर्षी गोटमारीच्या दिवशी, कारखान्याला सुट्टी असली की, तिगावला काकांकडे जायचात. गोटमारीची दगडफेक बघायला पांढुर्ण्याला जाणारी गर्दी सोडून तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसायचात. तुम्ही आल्यावर आई विचारायची, काय बोललात. तुम्ही म्हणायचात, "काही नाही. त्याच्या मनात राहू नाही म्हणून जातो." आजारी पडलात त्या वर्षीही गेलात. मला बसमध्ये बसवून द्यायला सांगितलंत आणि मी बसवून दिलं. तीन महिन्यांनी तुम्ही गेलात. काका आले होते. ते तुमच्या पायाशी उभे राहिले आणि परत गेले.

परवा मी तिगावला गेले ते त्यांना सांगायलाच. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांना कमी दिसतं. ओट्यावर खाटेवर बसले होते. मी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हातानं खाटेची कड चाचपून मला जागा करून दिली. त्यांच्या सुनेनं चहा आणला. ती आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. सत्तावीस नंबर काय, मी एक केव्हा केला, पाटी का लावली नाही, शून्य केव्हा केला. पाठ केल्यासारखं झालं. त्यांनी चहाचा कप खाटेखाली ठेवला.

मग म्हणाले, "मले मालूम होतं, बाई."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. तुह्या बापाले उचलून नेऊन राहिलो होतो आम्ही. मी मागं वळून पाह्यलं, तू काऊन येऊन नाही राहिली म्हणून. तू डब्ब्यापाशी उभी. बटनं दाबून राहिली होती. तवा नाही समजलं. चौकशीत समजलं."

"तुम्ही सांगितलं का नाही? नोकरी जात होती तुमची."

"साहेबाले सांगाले निघालोच होतो. तेवढ्यात तुहा बाप उठला." त्यांनी डोळे पुसले, पण ते रडत नव्हते, त्यांना मोतीबिंदू आहे. "तो उठून माह्यासाठी खोटं बोलला. त्याच्यानंतर मी काय सांगू? तुह्या पोरीनं केलं म्हणून?"

मी विचारलं, "बाबांना कळलं होतं का?"

"नाही. त्याले वाटे मीच दाबलं. दर साली ये, ओट्यावर बसे, अन् जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणे, झालं ते झालं, मनात ठेवू नको. त्याच हातानं, दोन बोटाच्या." काकांनी स्वतःचा उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून दाखवला. "मी म्हणो, बरं गा. अकरा वर्षं माफ केलं त्यानं मले. मी घेतली माफी. मले काय झालं घ्यायाले."

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "कधी आली तर सकाळची येत जा, दुपारी मले झोप लागते." मी हो म्हटलं. त्यांनी सुनेला हाक मारून मला पिशवीभर संत्री द्यायला सांगितली. मी घेतली नाही, मग घेतली.

मला वाटलं होतं की हे सगळं बोलून झाल्यावर काहीतरी होईल. गाडीत बसल्यावर रडू येईल, निदान छाती भरून येईल. पांढुर्ण्याला उतरून सौंसरच्या बसची वाट बघत होते तेव्हा मनात एकच गोष्ट होती, की तुम्हाला कळलं नव्हतं. शेवटपर्यंत नाही. जो माणूस फुकट माफी घेत राहिला त्याच्याबद्दल काही वाटलं नाही, तुमच्या बोटांबद्दलही नाही. फक्त हायसं वाटलं. हे पत्र मी कपाटात कपड्यांखाली ठेवणार आहे, आणि कोणी वाचावं अशी माझी इच्छा नाही. पण एक गोष्ट लिहायची राहिली. त्या बसस्टँडवर मला भूक लागली, आणि मी दोन प्लेट भजी मागवून उभ्या उभ्या खाल्ली. गरम होती. फार चांगली लागली, बाबा.